अक्षराला कोणतं लाकूड द्यावं?

माझ्या भाच्यानं बँकेचं कर्ज काढून लेझर कटिंगचं यंत्र घेतलं, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. कारण साधं होतं. यंत्र अक्षरं कापणार होतं, आणि अक्षर हा माझा प्रांत. पहिली मोठी ऑर्डर आली ती एका शाळेची. शाळेचा अमृतमहोत्सव होता आणि दीडशे स्मृतिचिन्हं हवी होती. मजकूर मी लिहिला. यंत्रानं तो एमडीएफच्या तीन मिलिमीटर जाडीच्या पाट्यांवर कोरला, कडा नक्षीदार कापल्या आणि पुढच्या बाजूला रंगाचा छान हात मारला. जूनच्या शेवटी माल पोचला. कार्यक्रम होता पंधरा ऑगस्टला. मधला दीड महिना पाट्या शाळेच्या एका बंद खोलीत पडून होत्या, आणि आमच्या कोकणातला तो दीड महिना म्हणजे काय असतं हे मी वेगळं सांगायला नको.

खोली गळत नव्हती. पाट्यांना पाण्याचा थेंबही लागला नव्हता. तरी खोकी उघडली तेव्हा चाळीसेक पाट्या पापडासारख्या वाकल्या होत्या आणि कडा फुगल्या होत्या. शाळेनं त्या चाळीस पाट्यांचे पैसे कापून घेतले. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या रात्री भाचा मला म्हणाला, "मामू, अक्षरं तुमची बरोबर होती, मशीनही बरोबर चाललं होतं. मग चुकलं कुठं?"

मी बी.ए. झालेला कवी. यंत्र आणि रसायन यांच्याशी माझा संबंध वर्तमानपत्र वाचण्यापुरता. पण मजकूर माझा होता, म्हणून नुकसानीत माझाही वाटा होता. त्या प्रश्नाच्या मागे लागून मी सुतारांकडे, वखारीत, प्लायवूडच्या दुकानांत आणि भाच्याच्या गाळ्यात बरेच दिवस काढले. त्यातून जे कळलं ते सांगतो. आज गावोगावी ही यंत्रं आली आहेत. दारावरची नावाची पाटी, गणपतीचं मखर, रुखवताची सजावट, आकाशकंदील, ट्रॉफी, सगळं लेझरवर होतं. ते करणाऱ्या तरुणांना आणि करून घेणाऱ्या आपल्यासारख्यांना निवड नेमकी कशाची करायची असते, हे कळलेलं बरं.

आधी लेझरविषयी दोन शब्द. लाकूड कापायला जो लेझर जास्त वापरतात तो कार्बन डायऑक्साइडचा. एका काचेच्या नळीत कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम हे वायू असतात. त्यांतून वीज सोडली की प्रकाशाचा एक अदृश्य झोत निघतो. आरशांवरून फिरवून, भिंगातून नेऊन तो एका बारीक टिंबात गोळा करतात. हा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये ज्यांनी शोधला, ते डॉ. कुमार पटेल १९३८ साली आपल्या बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवीधर झाले. हे मला कळलं तेव्हा गाळ्यातल्या त्या परक्या पेटीशी माझी एकदम ओळख झाली.

या प्रकाशाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. डोळ्याला तो दिसत नाही, पण लाकूड तो अधाशासारखा शोषून घेतं. शोषलं की तापतं, आणि तापलं की जळून वाफ होतं. इथंच पहिली गाठ आहे. करवत लाकूड कापते, लेझर ते जाळतो. लोखंड वितळतं, अॅक्रिलिक वितळतं, लाकूड वितळत नाही. त्याचा धूर होतो आणि कोळसा होतो. त्यामुळे लेझरसाठी फळी निवडताना सुताराचा प्रश्न पुरत नाही. सुतार विचारतो, हे लाकूड किती टिकेल? इथं आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, हे लाकूड जळेल कसं? आणि बाजारातल्या बहुतेक फळ्या म्हणजे नुसतं लाकूड नसतंच. लाकूड आणि त्याला धरून ठेवणारा चिकटपदार्थ, असं ते लग्न असतं. म्हणून लाकूड निवडणं म्हणजे निम्म्याहून जास्त चिकट निवडणं.

एमडीएफपासून सुरुवात करू, कारण आमचं नुकसान तिथं झालं. लाकडाचे अगदी बारीक तंतू करायचे, त्यांत युरिया-फॉर्मल्डिहाइड नावाचं रेझिन आणि थोडं मेण मिसळायचं आणि गरम दाबयंत्रात दाबून फळी करायची. ही फळी आतून-बाहेरून सारखी असते. गाठ नाही, रेषा नाही, पोकळी नाही. त्यामुळे लेझरला एकदा वेग आणि ताकद ठरवून दिली की पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत काप सारखा येतो. कोरीव अक्षर सगळीकडे एकाच खोलीचं होतं. शिवाय किंमत कमी. नवशिक्याला आणि मोठ्या ऑर्डरीला एमडीएफ भुरळ घालतं ते यामुळेच.

त्याचे दोष तीन. पहिला, कापलेली कड गडद तपकिरी, जवळजवळ काळी होते आणि हाताला काजळी लागते. दुसरा, त्यात रेझिन पुष्कळ असल्यानं धूर दाट आणि झोंबणारा. तिसरा दोष पाणी. तंतू दाबून बसवलेले असतात. ओल मिळाली की ते फुलतात, आणि एकदा फुललेलं एमडीएफ वाळवल्यावरही पूर्ववत होत नाही. पृष्ठभाग त्यातल्या त्यात घट्ट असतो, पण कापलेली कड म्हणजे उघडं तोंड. ओल तिथूनच आत शिरते.

आमच्या पाट्या वाकल्या त्याचं कारण मात्र एका जुन्या सुतारानं सांगितलं. त्यानं पाटी उलटी केली आणि विचारलं, "मागं रंग का नाही लावला?" मागची बाजू दिसत नाही म्हणून आम्ही ती कोरी ठेवली होती. पुढची बाजू रंगानं बंद, मागची उघडी. मागच्या बाजूनं हवेतली ओल प्यायली आणि ती फुगली, पुढची होती तशीच राहिली. एक बाजू वाढली आणि दुसरी वाढली नाही, की वस्तू वाकणारच. म्हणजे दोष एकट्या एमडीएफचा नव्हता. पातळ फळीला दोन्ही बाजूंनी सारखाच हात द्यायचा आणि कडा आधी सीलरनं किंवा प्रायमरनं बंद करायच्या, एवढं पाळलं असतं तर ती चाळीस पाटी वाचली असती, निदान त्यातली बरीचशी.

पण तेव्हा आम्हाला एवढी समज नव्हती. भाच्यानं एमडीएफवर राग धरला आणि बदली पाट्यांसाठी दुकानदाराकडे सगळ्यांत पक्की प्लाय मागितली. दुकानदारानं मरीन प्लाय दिली. त्याच्या दृष्टीनं बरोबरच. स्वयंपाकघरासाठी, मोरीजवळच्या कपाटासाठी तो तेच देतो. ती महाग प्लाय यंत्रावर ठेवली आणि लेझर वरच्या थरातून सुरीसारखा गेला, मधल्या चिकटाशी अडला. खालून पाहिलं तर काप आरपार नाही. ताकद वाढवली तर ज्वाळा उठल्या, वेग कमी केला तर कडेचा कोळसा झाला.

याचं उत्तर पुन्हा चिकटात होतं. प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवलेले, प्रत्येक थराची रेषा खालच्या थराला काटकोनात. थरांची संख्या विषम ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहतो. पापुद्रे जोडणारं रेझिन दोन जातींचं. घरातल्या कोरड्या वापराच्या प्लायमध्ये साधारणपणे युरिया-फॉर्मल्डिहाइड असतं. पाण्यात टिकणाऱ्या प्लायमध्ये फिनॉल-फॉर्मल्डिहाइड असतं. हे दुसरं रंगानं काळपट आणि उष्णतेला दाद न देणारं. उकळत्या पाण्यात थर सुटू नयेत म्हणून जो गुण त्यात मुद्दाम आणला, तोच लेझरच्या वाटेत आडवा येतो. शीटवर भारतीय मानकाचा शिक्का असतो. साध्या प्लायला आयएस ३०३, मरीन प्लायला आयएस ७१०. ३०३ मध्येही एमआर म्हणजे ओल सोसणारी आणि बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्याला तोंड देणारी असे प्रकार आहेत. फर्निचरवाला ज्या शिक्क्याला जास्त पैसे मोजतो, तो लेझरवाल्यानं टाळायचा. त्याला हवी ती एमआर प्लाय. हा उलटा हिशेब एकदा डोक्यात बसला की अर्धं काम होतं.

उरलेलं अर्धं गाभ्यात असतं. आपल्याकडच्या स्वस्त कमर्शियल प्लायचा वरचा पापुद्रा देखणा असतो. आत मात्र तुकडे जोडलेले, मध्ये भेगा, कुठे पोकळी, कुठे लांबी भरलेली. करवतीला त्याचं काही वाटत नाही. लेझरचं टिंब पोकळीवर आलं की झोत पसरतो आणि लांबीवर आलं की अडतो. एकाच रेघेत चार इंच काप आरपार आणि मधला अर्धा इंच अडकलेला, असं होतं ते यामुळे. जगभर लेझरवाले बर्च झाडाची प्लाय पसंत करतात, ती गाभा भरीव आणि थर सारखे म्हणून. रशिया, फिनलंड, लाटव्हिया हा तिचा मुलूख. २०२२ साली युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियन बर्चची वाट अवघड झाली. आपल्याकडे ती आयात होते, म्हणून महागच पडते. पण आपल्याही देशात चांगला पर्याय आहे. हरियाणातलं यमुनानगर हे शेतात लावलेल्या पॉप्लर आणि निलगिरीच्या लाकडावर चालणारं प्लायचं मोठं केंद्र. पॉप्लर हलकं, मऊ, फिकट रंगाचं. ते कमी ताकदीत कापलं जातं आणि त्यावर कोरलेलं अक्षर उठून दिसतं. गाभाही पॉप्लरचा असलेली पातळ प्लाय मिळाली तर सोडू नये.

दुकानात शीटची कड पाहायची. थर सरळ आणि अखंड दिसतात की मध्येच तुटतात? मग शीट उन्हाकडे तिरपी धरून बाक पाहायचा. बाक असला की भिंगापासूनचं अंतर ठिकठिकाणी बदलतं, टिंब जाडं होतं आणि काप बिघडतो. वाळवी आणि बुरशीविरुद्ध रसायन मुरवलेलं लाकूड जाळायचं नसतं, म्हणून तेही विचारून घ्यायचं. आणि पूर्ण शीट घेण्याआधी वीतभर तुकडा मागून यंत्रावर घालून पाहायचा. आता भाचा तेच करतो. एका तुकड्यावर वेगवेगळ्या वेगाचे दहा-बारा लहान चौकोन कापतो, त्यांवर आकडे कोरतो आणि तो तुकडा भिंतीला लटकवतो. नवी गड्डी आली की नवा तुकडा. गाळ्याच्या भिंतीवर त्याची ही सारी बाराखडी टांगलेली आहे.

जाडीचा एक घोळ सांगतो. सुतार सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३.१७ मिलिमीटर. दुकानदार त्याला तीन एमएम म्हणतो. आणि प्रत्यक्षात व्हर्नियर कॅलिपरनं मोजलं तर कधी २.७ निघतं, कधी ३.२. पाटीसाठी याचा फरक पडत नाही. पण मखर किंवा कंदील, जिथं एक फळी दुसरीच्या खाचेत बसायची असते, तिथं सगळं काम या दशांशावर उभं असतं. त्यात लेझर स्वतःच साधारण ०.२ मिलिमीटर लाकूड खातो. तुम्ही तीन मिलिमीटरची खाच काढलीत तर कापल्यावर ती ३.२ होते. फळी ३.२ ची निघाली तर नेमकी बसते, २.७ ची निघाली तर मखर डुलतं. म्हणून आधी मोजायचं, मग रेघ काढायची.

भरीव लाकडाचं काय, असं कुणीही विचारेल. आमच्या घरी आजोबांच्या वेळची सागवानी रेहल आहे, कुराण ठेवायची घडवंची. एकाच फळीतून कोरून काढलेली, खिळा नाही की चिकट नाही, तरी कात्रीसारखी उघडते आणि मिटते. असं काम सपाट फळीवर वरून खाली कापणाऱ्या लेझरचं नव्हे, ते हाताचंच. मात्र भरीव सागावर लेझरनं कोरलेलं अक्षर फार सुंदर दिसतं. अडचण पातळ फळीची आहे. लाकूड हवेतल्या ओलीबरोबर रेषेच्या आडव्या दिशेनं फुगतं आणि आकसतं, म्हणून रुंद पातळ फळी वाकते. पाइनसारख्या लाकडात मऊ आणि कठीण पट्टे आलटून-पालटून येतात. लेझर मऊ पट्ट्यात खोल जातो, कठीण पट्ट्यात उथळ राहतो आणि अक्षरावर लाटा उमटतात. भरीव लाकूड एकेका खास वस्तूसाठी घ्यावं, दीडशे नगांसाठी नव्हे.

आता माझ्या प्रांतात येतो. देवनागरी शब्द फळीतून आरपार कापला तर तो अखंड हातात येतो, कारण शिरोरेषा अक्षरांना धरून ठेवते. इंग्रजी शब्दाची अक्षरं सुटी होऊन खाली पडतात, आपली एका दोरीला धरून राहतात. याचा मला फार अभिमान वाटला. तो टिकला पहिल्या पाटीपर्यंत. कारण अनुस्वार कुणालाच धरून नसतो. तो गळून पडला, आणि 'चिंता'ची 'चिता' होते हे शाळेत शिकलेलं सत्य मी यंत्राच्या जाळीखाली पडलेल्या टिंबात पाहिलं. उर्दूत तर हा धोका पावलोपावली. तिथं टिंब वर असलं तर 'खुदा' आणि खाली आलं तर 'जुदा'. म्हणून अशा टिंबांना शब्दाशी जोडणारी बारीक काडी ठेवावी लागते, किंवा मागे दुसरी फळी देऊन टिंब वेगळं चिकटवावं लागतं. रांगोळीचा साचा करताना हेच उलटं होतं. तिथं 'व'च्या पोटातला तुकडा निसटतो, त्याला पूल द्यावा लागतो.

उकारांची गोष्ट याहून नाजूक. ते बारीक मानेनं अक्षराला लटकलेले असतात. भरीव लाकडात रेषा आडवी असेल तर अशी उभी बारीक मान टिचकीनंही मोडते. एमडीएफला दिशाच नाही, त्यामुळे ते सगळीकडे सारखंच मजबूत आणि सारखंच कमजोर. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असल्यानं एक थर हरला तरी दुसरा धरतो. म्हणून मराठी अक्षरं आरपार कापायची असतील तर माझं मत प्लायला. गाळ्यातला नियम असा की कुठलीही मान फळीच्या जाडीपेक्षा बारीक ठेवायची नाही. रंग देऊन जाड अक्षरं भिंतीवर लावायची असतील, तीही घरात कोरड्या जागी, तर एमडीएफ उत्तम. त्यावर रंग गुळगुळीत बसतो.

राहिली आरोग्याची बाब, आणि ती शेवटी सांगतोय म्हणून लहान समजू नका. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवतं, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ सालीच दिला आहे. एमडीएफ आणि प्लाय जाळताना निघणाऱ्या धुरात ते असतं. शीटवर ई-१ किंवा ई-० अशी खूण असेल तर फळीतून ते कमी सुटतं. पण ती खूण घरात ठेवलेल्या फळीबद्दल बोलते, जाळलेल्या फळीबद्दल नव्हे. धूर ओढणारा पंखा जोरदार हवा, आणि त्याचा पाइप शेजाऱ्याच्या खिडकीत नव्हे, छपराच्या वर जायला हवा.

आणखी एक धोका लाकडाच्या वेशात येतो. लाकडाला पर्याय म्हणून मिळणाऱ्या डब्ल्यूपीसीच्या फळ्यांत पुष्कळदा पीव्हीसी असतं. फोम शीटमध्ये आणि काही चकचकीत लॅमिनेटमध्येही असतं. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. ओल मिळाली की त्याचं आम्ल होतं. ते फुप्फुसाला खातं आणि यंत्राच्या आरशांना, पट्ट्यांनाही खातं. ओळखायची जुनी युक्ती आहे. उघड्यावर तांब्याची तार लाल तापवायची, फळीच्या कपच्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. ती फळी लेझरखाली घालायची नाही. गिऱ्हाइकानं कितीही आग्रह केला तरी नाही. आणि यंत्र चालू ठेवून चहाला जायचं नाही. जे जळतंय ते लाकूड आहे, हे विसरून चालत नाही. शेजारी कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक नळकांडं असू द्यावं. ज्या वायूनं झोत निघतो, त्याच वायूनं आगही विझते.

शेवटी त्या चाळीस पाट्या पॉप्लरच्या प्लायवर झाल्या. कापण्याआधी वर कागदी चिकटपट्टी लावली, म्हणजे धुराचे डाग पट्टीवर पडले आणि लाकूड स्वच्छ राहिलं. पॉलिश दोन्ही बाजूंनी दिलं. पैसे भाच्याच्या खिशातले गेले आणि त्या महिन्याचा हप्ता मी भरला. शाळेनं पाट्या ठेवून घेतल्या, पुढची ऑर्डर काही दिली नाही. पण त्यातली एक पाटी माझ्या टेबलासमोर भिंतीवर आहे. तिच्यावरून दोन पावसाळे गेले. ती सरळ आहे.

परवा एक मुलगा गाळ्यात आला. बहिणीच्या लग्नासाठी त्याला नावांची पाटी हवी होती. भाच्यानं त्याला विचारलं, "घरात लावणार की दारात? रंग देणार की पॉलिश?" पूर्वी तो फक्त माप विचारायचा. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. मग त्यानं कागदावर वधूचं नाव लिहून घेतलं, त्यातल्या अनुस्वाराभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि माझ्याकडे पाहून हसला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)